बातमी कोणाच्या बाजूने उभी असते?

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



माध्यमांच्या पक्षपातावर बोलायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. अमुक वाहिनी कोणाची? मालक कोण, जाहिराती कोणाच्या, संपादकाची ऊठबस कोणाकडे? हा प्रश्न रास्त आहे, तो विचारलाच पाहिजे. पण आज आम्हाला त्याच्या शेजारचा एक प्रश्न मांडायचा आहे. समजा उद्या सगळ्या मालकांनी ठरवलं की आम्ही कोणत्याच पक्षाची बाजू घेणार नाही, आणि ते शब्दाला जागले. तरी आपली राजकीय बातमी सरळ उभी राहील का? आम्हाला वाटतं, नाही राहणार. ती तरीही झुकलेली असेल, हालचाल करणाऱ्याच्या बाजूला. ज्याच्याकडे विमान आहे, बस आहे, हॉटेल आहे, आमदार आहेत, त्याच्या मागे कॅमेरा धावतो. आणि ज्या नियमाने ही सगळी हालचाल बरोबर की चूक हे ठरायचं असतं, तो नियम पडद्याच्या बाहेर राहतो. म्हणजे सनसनाटी हाच एक पक्षपात आहे. आजच्या बोलण्याचा मुद्दा एवढाच.

आधी एक गैरसमज बाजूला करू. मत असलेलं पत्र म्हणजे वाईट पत्र, असं आपल्या परंपरेत कधीच नव्हतं. १८८१ साली सुरू झालेला ‘केसरी’ किंवा १९२० साली बाबासाहेब आंबेडकरांनी काढलेला ‘मूकनायक’ तटस्थ नव्हता, आणि तसा आवही त्यांनी आणला नाही. आजही ‘सामना’ उघडणाऱ्याला आपण काय उघडतोय हे माहीत असतं. बाजू उघड असली की वाचक त्या हिशेबाने वाचतो. अडचण तिथे येते, जिथे ‘आम्ही फक्त जे घडतंय ते दाखवतो’ असं सांगितलं जातं. ‘जे घडतंय’ म्हणजे नेमकं काय, हे कोणीतरी निवडलेलं असतं. ती निवड आज तपासू.

त्यासाठी एकच उदाहरण घेऊ, सगळ्यांनी पाहिलेलं. जून २०२२. विधान परिषदेची निवडणूक २० जूनला झाली आणि त्या रात्री एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन सुरतेला गेले. तिथून गुवाहाटी. २९ जूनच्या रात्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला, ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री झाले. दहा दिवस. त्या दहा दिवसांत महाराष्ट्रातल्या घराघरांत टीव्ही चालू होता. आपल्याला काय काय माहीत झालं, आठवून बघा. हॉटेलचं नाव, आमदार कोणत्या विमानाने गेले, कोण माघारी पळून आलं. आणि सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं फोनवरचं ते झाडी-डोंगराचं संभाषण, त्याची तर गाणी झाली. आता दुसऱ्या बाजूने विचारू. त्या दहा दिवसांच्या शेवटी आपल्याला पक्षांतरबंदी कायदा कितपत कळला?

इथे सदतीसच्या आकड्याकडे येऊ. शिवसेनेचे त्या वेळी विधानसभेत ५५ आमदार होते. त्याचे दोन तृतीयांश म्हणजे ३७. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा चढत होता, क्रिकेटच्या धावफलकासारखा. ३७ झाले की शिंदे ‘सेफ’, असा सगळ्यांचा समज झाला. चहाच्या टपरीवर तोच, स्टुडिओतही तोच.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला दहावं परिशिष्ट जोडलं गेलं. त्यात मुळात एक पळवाट होती: एक तृतीयांश आमदार फुटले तर ती ‘फूट’ धरायची आणि त्यांना अपात्र करायचं नाही. १९९१ साली छगन भुजबळ शिवसेनेतून बाहेर पडले, तेव्हा ही तरतूद अस्तित्वात होती. पुढे २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने ती काढून टाकली. मागे उरली ती विलीनीकरणाची तरतूद. पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन होतोय आणि विधिमंडळ पक्षाच्या दोन तृतीयांश सदस्यांना ते मान्य आहे, तर त्या सदस्यांना संरक्षण. म्हणजे नुसते ३७ जमवून भागत नाही. ३७ जण कोणत्या पक्षात विलीन होणार, हा पुढचा प्रश्न. आणि शिंदे गट तर म्हणत होता की आम्ही कुठेच विलीन होणार नाही, आम्हीच शिवसेना. ही त्यांची कायदेशीर भूमिका होती, ती त्यांना घेण्याचा हक्क होता. पण ती भूमिका घेतली की वाद आकड्यावरून हलतो. मग प्रश्न असा होतो: पक्ष म्हणजे कोण? निवडून आलेले आमदार, की ज्यांनी तिकीट दिलं ती संघटना? पक्षादेश काढायचा अधिकार कोणाचा?

खरा प्रश्न हा होता. अकरा महिन्यांनी, ११ मे २०२३ला, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नेमकं यावर बोट ठेवलं. फुटीचा बचाव आता उपलब्ध नाही. प्रतोद नेमायचा तो राजकीय पक्षाने, विधिमंडळ पक्षाने नाही. तेव्हा जर हा प्रश्न जून २०२२मध्येच पडद्यावर असता, तर प्रेक्षक दहा दिवस वेगळीच गोष्ट बघत बसला असता.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. घटनेचे अभ्यासक त्या दिवसांत वाहिन्यांवर येत होते आणि विलीनीकरणाचा मुद्दा सांगतही होते. वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर चांगले लेख आले. पण अभ्यासकाचं बोलणं संपलं की कोपऱ्यातला आकडा तिथेच असायचा, आणि शेवटी लक्षात राहिला तो आकडा. आणखी एक बारकावा आहे. आकड्याला पुढे महत्त्व आलंच, पण दुसऱ्या दारातून. १७ फेब्रुवारी २०२३ला निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला, तेव्हा निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या संख्याबळाचा आधार घेतला. म्हणजे अपात्रतेचा प्रश्न वेगळा, चिन्हाचा वेगळा. दोन वेगळ्या संस्था, दोन वेगळ्या कसोट्या. बातमीत मात्र या सगळ्याची एकच खिचडी झाली.

दुसरा मुद्दा रिकाम्या खुर्चीचा. आमदार अपात्र की पात्र हे पहिल्यांदा ठरवायचं कोणी? विधानसभा अध्यक्षाने. जून २०२२मध्ये महाराष्ट्राच्या विधानसभेला अध्यक्ष होता का? नव्हता. नाना पटोले यांनी फेब्रुवारी २०२१मध्ये राजीनामा दिला, त्यानंतर ३ जुलै २०२२पर्यंत, म्हणजे सतरा महिने, ती खुर्ची रिकामी होती. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ काम पाहत होते. मधल्या काळात महाविकास आघाडीने अध्यक्षाची निवड गुप्त मतदानाऐवजी आवाजी मतदानाने करायचा नियम केला, राज्यपालांनी त्यावर आक्षेप घेतला, निवडणुकीची तारीख मिळाली नाही. सरकार बदललं आणि चार दिवसांत निवडणूक पार पडली.

या सतरा महिन्यांत ही बातमी आलीच नाही असं आम्ही म्हणत नाही. अधिवेशन आलं की यायची, ‘राज्यपाल विरुद्ध सरकार’ या नावाने, भांडणाच्या पुडीत बांधून. भांडण थंड झालं की बातमीही थंड. पण खुर्ची रिकामी आहे याचा अर्थ काय, उद्या पक्षांतर झालं तर निवाडा कोण करणार, आघाडीला आपला अध्यक्ष वेळेत का बसवता आला नाही, हे धरून ठेवणारं वार्तांकन फार थोडं झालं. कारण रिकामी खुर्ची दिसायला काहीच नसते. ती हलत नाही, बोलत नाही, रात्री विमानाने कुठे जात नाही. पण जून २०२२मध्ये सगळा खेळ तिच्याभोवती फिरला. आणि पुढे अपात्रतेच्या याचिकांवर अध्यक्षांचा निर्णय आला तो १० जानेवारी २०२४ला, दीड वर्षानंतर, दोन्ही गटांतल्या कोणालाही अपात्र न ठरवणारा. विधानसभेची मुदत तोवर संपत आली होती.

तिसरा मुद्दा गुवाहाटीचाच. मराठी वार्ताहर तिथे दिवस-दिवस हॉटेलच्या फाटकाबाहेर उभे होते. त्याच दिवसांत आसाममध्ये भीषण पूर आला होता. सिलचर शहर पाण्याखाली होतं, राज्यात लाखो लोक बाधित झाले होते. ही तफावत इतकी डोळ्यांत भरणारी होती की तृणमूल काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी त्या हॉटेलबाहेर निदर्शनं केली: राज्य बुडतंय आणि सरकारचं लक्ष इथे! आपल्याकडे ते निदर्शनही हॉटेलच्या बातमीतला एक तुकडा म्हणून आलं. वार्ताहराला आम्ही दोष देत नाही. तो पोटासाठी उन्हापावसात उभा असतो, आणि त्याला डेस्कवरून फोन येतो तो आत कोण गेलं हे विचारायला. कॅमेरा पुराच्या राज्यात पोचला होता, पण त्याला पूर दाखवायला पाठवलं नव्हतं.

बरं, परत महाराष्ट्रात या. ३० जूनला दोघांचा शपथविधी झाला. त्यानंतर ९ ऑगस्टपर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस दिवस, या राज्याचं मंत्रिमंडळ दोन माणसांचं होतं, मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री. त्याच जुलैत विदर्भात अतिवृष्टी झाली, शेतं वाहून गेली. कृषिमंत्री नाही, मदत व पुनर्वसनमंत्री नाही, पालकमंत्री नाही. आणि रोजची बातमी काय होती? मंत्रिपद कोणाला? कोण नाराज? विस्ताराला मुहूर्त कधी? प्रश्न तोच होता, मंत्रिमंडळाचाच, पण तो इच्छुकाच्या खुर्चीत बसून विचारला जात होता. शेतकऱ्याच्या बांधावरून विचारला असता तर तोच प्रश्न असा झाला असता: माझ्या पंचनाम्याची जबाबदारी कोणाच्या सहीवर अडली आहे?

बातमी कोणाच्या बाजूने उभी असते, हे इथे दिसतं. ती शिंदेंच्या किंवा ठाकरेंच्या बाजूने उभी नव्हती कदाचित. पण ती सत्तेच्या खेळाडूंच्या बाजूने उभी होती, आणि ज्याच्यावर त्या खेळाचा परिणाम व्हायचा तो पलीकडे होता.

आता शब्द बघा. भूकंप, धक्का, खेळी, मास्टरस्ट्रोक, चाणक्य. हे शब्द वर्षानुवर्षं कोणाच्याही बाजूने सारखेच वापरले जातात, म्हणून ते निष्पक्ष वाटतात. तसे ते नाहीत. ‘मास्टरस्ट्रोक’ म्हटलं की चाल यशस्वी झाली की नाही एवढंच बघायचं. ती वैध होती का, हा प्रश्न त्या शब्दात बसतच नाही. भूकंपाचं तर आणखी बरं, भूकंप कोणी करत नाही, तो होतो. जबाबदारीच संपली.

२०१९चा ‘पहाटेचा शपथविधी’ आठवा. २३ नोव्हेंबर २०१९. राष्ट्रपती राजवट पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठवली गेली. देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला तो सकाळी आठच्या सुमाराला. सकाळी आठला आपण पहाट म्हणतो का? पण ‘पहाटेचा’ हा शब्द चिकटला तो चिकटलाच, कारण त्यात काळोख आहे, गुपित आहे. खरं गुपित होतं ते ५ वाजून ४७ मिनिटांत. राष्ट्रपती राजवट उठवायची तर केंद्रीय मंत्रिमंडळाची शिफारस लागते. त्या रात्री मंत्रिमंडळाची बैठक झाली नाही. केंद्र सरकारच्या कामकाज नियमांतला बारावा नियम वापरून पंतप्रधानांनी आपल्या अधिकारात निर्णय घेतला आणि मंत्रिमंडळाची मान्यता नंतर घेतली गेली. तातडीच्या प्रसंगासाठी ठेवलेला हा नियम. त्या पहाटे तातडी कसली होती? हा प्रश्न काही वृत्तपत्रांनी विचारला. पण त्यावर किती चर्चासत्रं झाली, आणि ‘दादा तेव्हा का गेले, कोणाला विचारून गेले’ यावर किती? दुसरी चर्चा अजून संपलेली नाही.

हे एकाच बाजूला टोचतं असंही नाही. ऑगस्ट २०२२मध्ये विधान भवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा आली. यमक जुळलेलं, लगेच तोंडात बसणारं. आरोप गंभीर: प्रत्येक आमदाराला पन्नास कोटी. वाहिन्यांनी घोषणा हजार वेळा ऐकवली. आरोपाला पुरावा काय, तक्रार कोणी आणि कुठे केली, चौकशी झाली का, याचा पाठपुरावा त्या मानाने नगण्य. आरोप खरा असेल तर आरोपी घोषणेच्या गोंगाटात सुटले, आणि खोटा असेल तर ज्यांच्यावर झाला त्यांना तो पुसण्याची जागा कुठेच मिळाली नाही.

असं का होतं? सोपं उत्तर म्हणजे टीआरपी. ते पूर्ण नाही. ऑक्टोबर २०२०मध्ये टीआरपी घोटाळ्याचं प्रकरण मुंबई पोलिसांनी बाहेर काढल्यावर ‘बार्क’ने वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे देणं थांबवलं, ते मार्च २०२२मध्ये पुन्हा सुरू झाले. सतरा महिने आकडेच नव्हते. त्या काळात बातम्या शांत झाल्या का? २४ ऑगस्ट २०२१ला केंद्रीय मंत्री नारायण राणे यांना रत्नागिरी जिल्ह्यात अटक झाली, तो दिवस आठवा. तोच गोंगाट, तेच ‘सर्वात आधी’. आकडा गेला तरी सवय गेली नाही. कारण प्रत्येक न्यूजरूममध्ये भिंतीवर बाकीच्या सगळ्या वाहिन्या चालू असतात. शेजारी दाखवतोय ते आपल्याकडे नाही, ही भीती टीआरपीपेक्षा जुनी आहे. शिवाय खर्चाचा हिशेब. दोन प्रवक्ते आणि एक अँकर समोरासमोर बसवणं स्वस्त पडतं. गडचिरोलीत किंवा मेळघाटात वार्ताहर आठ दिवस ठेवणं महाग. आणि हॉटेलबाहेर उभा राहिलेला माणूस दर दहा मिनिटांनी काहीतरी देऊ शकतो, भले ते ‘सूत्रांची माहिती’ का असेना. सूत्र चुकलं तर कोणी माफी मागत नाही. शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की झालं.

मग यात नुकसान कोणाचं? ‘करमणूक झाली, सोडून द्या’ असं म्हणता येईल का? आम्हाला वाटतं, नाही. या सगळ्याचा शेवट एका वाक्यात होतो, आणि ते वाक्य आता सगळ्यांच्या तोंडी आहे: ‘सगळे सारखेच.’ निराश माणूस ते म्हणतो तेव्हा त्याला वाटतं आपल्याला राजकारण कळलं. खरं तर त्याला फक्त माणसांच्या हालचाली दाखवल्या गेल्या, त्या कशाने मोजायच्या ती मोजपट्टी कोणी हातात दिलीच नाही. मोजपट्टी नसेल तर सगळे सारखेच दिसणार. सर्वोच्च न्यायालयाने ११ मेच्या निकालात सांगितलं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं समर्थनीय नव्हतं. पण ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, म्हणून जुनं सरकार परत आणता येणार नाही. आणि शिंदे यांना सरकार स्थापनेचं निमंत्रण देणं योग्य होतं. यात प्रत्येकाच्या चुकीचा आणि बरोबरचा वेगवेगळा हिशेब आहे. कोणी सारखं नाही. त्या संध्याकाळी मात्र दोन्ही बाजूंनी विजय जाहीर केला आणि पडद्यावर प्रश्न आला: कोणाला धक्का, कोणाला दिलासा?

आता प्रश्नोत्तरांकडे. दोनच घेऊ, वेळ कमी आहे.

पहिला प्रश्न आहे: लोकांनाच हे हवं असतं, वाहिन्यांनी काय करायचं? हा युक्तिवाद नेहमी होतो. पण ज्या दिवशी घटनेचा अभ्यासक बोलतो त्या दिवशी त्याच्या बोलण्याचे तुकडे लोक एकमेकांना पाठवतात, हेही आपण पाहतोच. हे व्याख्यान तासभर ऐकणारे तुम्हीही लोकच आहात ना? लोकांना गोष्ट हवी असते, हे खरं. पण सतरा महिने रिकाम्या राहिलेल्या खुर्चीत गोष्ट नाही असं कोण म्हणेल? ती सांगायला अभ्यास लागतो आणि वेळ लागतो, एवढंच.

दुसरा प्रश्न: सामान्य माणसाने काय करायचं, टीव्ही बंद करायचा? बंद केला तर उत्तमच, पण तेवढ्याने भागत नाही. मोबाइलवर तेच येतं. आम्ही एवढंच सुचवू की पुढच्या वेळी राजकीय भूकंप होईल, आणि तो होईलच, तेव्हा स्वतःला तीन गोष्टी विचारा. हे ठरवायचा अधिकार कायद्याने कोणाचा आहे? ती व्यक्ती किंवा संस्था आत्ता पडद्यावर आहे का? आणि हे चालू असताना आपल्या तालुक्यातलं कोणतं काम थांबलं आहे? तिसऱ्याचं उत्तर वाहिनी देणार नाही. ते तहसील कचेरीत, ग्रामसभेत, नाहीतर आपल्या जिल्ह्याच्या एखाद्या छोट्या दैनिकात चौथ्या पानावर सापडेल. तेवढा एक अंक विकत घेऊन वाचा. त्याची किंमत एका चहापेक्षा कमी आहे, आणि तो टिकला तर तालुक्याची बातमी द्यायला कोणीतरी उरेल.